मुलांना मदतीचा फोन कधी आणि कसा करायचा हे शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि बालवर्गाच्या शिक्षकांसाठी आहेत. बहुतेक घरांत मुलाकडून नंबर पाठ करून घेतला जातो आणि विषय तिथेच संपतो. खरं तर नंबर हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. "फोनला हात लावू नकोस", "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस", "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" हे नियम आपणच मुलाला शिकवलेले असतात, आणि मदतीचा फोन करताना त्याला हे तिन्ही नियम एकदम मोडावे लागतात. ते मोडायला आपल्याला आधीच परवानगी मिळालेली आहे, हे मुलाला पक्कं ठाऊक असायला हवं. खाली या परवानगीचा विषय पुन्हा पुन्हा येईल, कारण माझ्या मते सगळं तिच्यावर अडतं.

शिकवायला कोणत्या वयात सुरुवात करावी?

तीन वर्षांच्या मुलाला फोन लावता आला नाही तरी दोन गोष्टी शिकवता येतात: स्वतःचं पूर्ण नाव सांगणं आणि काही बिनसलं की मोठ्या माणसाला बोलावून आणणं. तिथून सुरू करा. चौथ्या-पाचव्या वर्षी बरीच मुलं तीन आकडे ओळखून दाबू शकतात आणि "आजी उठत नाही" एवढं फोनवर सांगू शकतात. तेवढं पुरतं. सहा-सात वर्षांचं मूल पत्ता सांगतं, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतं, सांगितलं तर दार उघडून येतं.

वयाच्या आकड्यापेक्षा तुमचं मूल आणि तुमचं घर पाहा. घरात कुणाला फिट्स येत असतील, कुणी इन्सुलिन घेत असेल, किंवा मूल दिवसातले बरेच तास एकाच मोठ्या माणसाबरोबर असत असेल, तर थांबू नका. चार वर्षांच्या मुलालाही त्या एका प्रसंगापुरतं शिकवता येतं.

फोन "कधी" करायचा, हे लहान मुलाच्या डोक्यात कसं बसवायचं?

व्याख्या सांगून बसत नाही. मुलाला दोन प्रश्न द्या आणि तेच कायम ठेवा. पहिला: कुणाला तरी खूप लागलंय, कुणी उठत नाहीये किंवा आपल्याला मोठा धोका आहे का? दुसरा: मला मदत करू शकेल असं मोठं माणूस इथे आहे का? धोका आहे आणि मदत करू शकणारं माणूस आहे, तर धावत जाऊन त्याला सांगायचं. धोका आहे आणि असं कुणी नाही, तर फोन करायचा.

दुसऱ्या प्रश्नातलं "मदत करू शकेल असं" हे शब्द गाळू नका. जिन्यावरून पडून निपचित झालेले आजोबा हेही मुलाच्या दृष्टीने "घरात असलेलं मोठं माणूस" असतात. मोठं माणूस घरात आहे म्हणजे निर्णय तेच घेणार, असं समजून मूल शेजारी बसून राहतं. म्हणून स्पष्ट सांगा: "आजोबा पडले आणि बोलत नसतील, तर त्या वेळी घरातलं मोठं माणूस तू. तू फोन करायचा. मी तुला अजिबात रागावणार नाही."

झोपलेलं माणूस आणि शुद्ध हरपलेलं माणूस यातला फरकही खेळातून शिकवता येतो. तुम्ही जमिनीवर आडवे व्हा. मुलाने मोठ्याने हाक मारायची, खांदा हलवायचा, "आजी, ऊठ! डोळे उघड!" म्हणायचं. एकदा डोळे उघडून हसा, पुढच्या वेळी उघडू नका. उघडले नाहीत की मुलाने खोट्या फोनकडे धावायचं. पाच वर्षांच्या मुलाला हा खेळ पुन्हा पुन्हा खेळायला आवडतो, आणि तुम्हाला हवी तीच उजळणी त्यातून होते.

बाकीचे प्रसंगही चित्रासारखे डोळ्यांसमोर उभे करा: श्वास घेताना खूप धाप लागतेय आणि बोलता येत नाही; घशात काही अडकून आवाजच फुटत नाही; रक्त थांबत नाही; बोलता बोलता अचानक तोंड वाकडं झालं, एक हात उचलत नाही, शब्द बोबडे येतात; घरात धूर आहे; कुणी पाण्यात बुडतंय; कुणीतरी दार तोडून आत येतंय. सगळे एका बैठकीत सांगू नका, मूल भेदरून जाईल. आज एक, चार दिवसांनी दुसरा.

आणि कधी करायचा नाही?

खेळणं हरवलं, भावाशी भांडण झालं, गुडघा खरचटला, दिवे गेले, आई रागावली, कंटाळा आला. हे मुलं स्वतःच ओळखतात, विशेषतः गोष्टीतून विचारलं तर. "समीरच्या पतंगाची दोर तुटली, फोन करायचा?" "नाही!" "समीर पतंगामागे धावताना गच्चीवरून खाली पडला?" इथे मूल थबकतं आणि विचार करतं. तो थबकण्याचा क्षण महत्त्वाचा आहे, घाईने उत्तर पुरवू नका.

मधल्या शंकेच्या जागा राहणारच. तिथे माझा सल्ला एकच आहे: शंका आली तर फोन कर. बरोबर-चूक ठरवणं हे सात वर्षांच्या मुलाचं काम नाही. ते ठरवायला फोनच्या पलीकडे प्रशिक्षण घेतलेलं माणूस बसलेलं असतं.

मुलाने चुकून किंवा उगाचच फोन लावला तर?

चुकून लागला तर तो कापायचा नाही, हे मुलालाही शिकवा आणि स्वतःही लक्षात ठेवा. अर्ध्यात कापलेला फोन म्हणजे पलीकडच्या माणसाला काळजीचं कारण: कुणी हिसकावून घेतला का, बोलणारा बेशुद्ध पडला का? मग ते उलट फोन करतात, कुठे कुठे तर पथकही पाठवतात. "चुकून लागला, इथे सगळं ठीक आहे" एवढं सांगून, त्यांनी "ठीक आहे" म्हटल्यावर फोन ठेवायचा.

मुलाने गंमत म्हणून लावला असेल, तर शांतपणे समजावा की त्या वेळात दुसऱ्या कुणाचा तरी खरा फोन थांबून राहतो. पण ओरडू नका, आणि "आता पोलीस येऊन तुला पकडून नेतील" असं तर कधीच म्हणू नका. जेवत नाही म्हणून पोलीस, झोपत नाही म्हणून पोलीस, हट्ट करतो म्हणून डॉक्टर आणि सुई. या धमक्या आपण सहज देतो आणि त्यांचा परिणाम नको त्या दिवशी दिसतो. ज्यांना बोलवायचं त्यांचीच भीती घातलेली असेल, तर मूल त्यांना कसं बोलावणार? तुमच्या घरात हे एक वाक्य आजपासून बंद झालं, तरी या पानावरचं अर्धं काम झालं असं मी समजेन.

कोणता नंबर शिकवायचा?

तुम्ही राहता तिथला, आणि एकच. भारतात ११२ या एका क्रमांकावर पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका अशा सगळ्या मदतीसाठी फोन करता येतो. १००, १०१, १०८ हे क्रमांक मोठ्यांनी माहीत ठेवावेत, पण लहान मुलाला "आगीला हा, आजारपणाला तो" असं वाटून देऊ नका. ऐन वेळी त्याची गाठ बसते. मुलांच्या अडचणींसाठी भारतात १०९८ ही हेल्पलाइन आहे. ती जरा मोठ्या मुलांना वेगळ्याने सांगावी.

परदेशात राहणाऱ्यांसाठी: अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपीय संघातल्या देशांत ११२, ऑस्ट्रेलियात ०००, न्यूझीलंडमध्ये १११. सिंगापूरमध्ये पोलिसांना ९९९ आणि रुग्णवाहिका व अग्निशमनाला ९९५. संयुक्त अरब अमिरातीत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, अग्निशमन ९९७. जिथे दोन-तीन क्रमांक आहेत तिथे मुलाला रुग्णवाहिकेचा किंवा पोलिसांचा, तुमच्या घराला जो जास्त लागू शकतो तो एक पाठ करून द्या. देश बदलला, सुट्टीला गेलात, तर पोहोचल्या दिवशीच नवा क्रमांक सांगा.

मोठी मुलं विचारतात की हा असा छोटा नंबर आला कुठून. १९३५ साली लंडनमधल्या विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला, पण टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तो रांगेतच अडकला. त्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. त्यानंतर तातडीचे फोन वेगळे ओळखता यावेत म्हणून १९३७ मध्ये लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. सात-आठ वर्षांच्या मुलांना ही हकीकत सांगायला हरकत नाही. हा नंबर उगाच का अडवायचा नाही, हे त्यातून त्यांना कळतं.

नंबर पाठ आहे, पण फोनवर दाबता येत नाही. असं का होतं?

कारण आपण "एकशे बारा" असं शिकवतो. कीपॅडवर एकशे बाराचं बटण नसतं. "एक, एक, दोन" असं सुटं सुटं म्हणायला शिकवा. दुसरी गोष्ट, मूल मराठी अंक शिकत असेल तर फोनवरचे इंग्रजी अंक त्याला ओळखता येतात का ते पाहा. कित्येक मुलांना दहापर्यंत म्हणता येतं, पण आकृती ओळखता येत नाही. आणि शेवटी हिरवं बटण दाबायचं असतं, हे बहुतेक वेळा सांगायचंच राहून जातं.

आणखी एक अडचण आजच्या मुलांची आहे. त्यांना फोन येतो तो फोटोवर बोट ठेवून व्हिडिओ कॉल करण्यापुरता. व्हॉट्सॲपवरून आपत्कालीन सेवेला फोन लागत नाही, आणि घरातल्या स्मार्ट स्पीकरवर यासाठी विसंबू नये. फोनचं साधं कीपॅड मुलाने हाताळलेलं असायला हवं.

फोनला लॉक असतं. मुलाला पासवर्ड द्यावा का?

गरज नाही. लॉक असलेल्या फोनवरूनही आपत्कालीन क्रमांक लावता येतो. लॉकच्या पडद्यावर त्यासाठी वेगळी जागा असते, बहुधा खालच्या बाजूला. मुलाला वाचता येत नसेल तर त्या जागेची खूण दाखवा: "इथे बोट वर सरकव, मग इथे दाब." प्रत्येक फोनवर हे थोडं वेगळं असतं, म्हणून घरात ज्यांचे ज्यांचे फोन आहेत त्या सगळ्यांवर दाखवा. आजोबांचा बटणांचा फोन विसरू नका. मुलाबरोबर दुपारभर तेच असतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा झटपट दाबून आणि साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरून मदतीचा इशारा देण्याची सोय असते. आपल्या फोनवर ती चालू आहे का, हे सेटिंगमध्ये पाहून घ्या. लहान मुलाला तीन अंकांपेक्षा हे सोपं जातं, पण त्याच कारणाने खेळता खेळता दाबलंही जातं.

आणि फोन ठेवायची जागा ठरवा. घरातला एक फोन तरी मुलाचा हात पोहोचेल अशा ठरलेल्या जागी, चार्ज केलेला असावा. उंच कपाटावर ठेवलेल्या फोनचं लॉक उघडं असलं काय किंवा बंद असलं काय, मुलाच्या दृष्टीने सारखंच.

सराव कसा घ्यायचा? खरा नंबर लावून पाहावा का?

खरा नंबर सरावासाठी कधीही लावू नका. पुठ्ठ्यावर कीपॅड काढा, खेळण्यातला फोन घ्या, किंवा तुमच्या लॉक पडद्याचं चित्र छापून घ्या. जुना फोन द्यायचा असेल तर तो पूर्ण बंद असलेला द्या. "सिम काढलंय, आता कुठे लागतोय" असं समजू नका: बऱ्याच देशांत सिम नसलेल्या फोनवरूनही आपत्कालीन फोन जातो. एरोप्लेन मोडवरही भरवसा नको; आपत्कालीन क्रमांक दाबला की अनेक फोन तो मोड आपोआप बंद करून कॉल लावतात.

सरावात तुम्ही पलीकडचं माणूस व्हा. आवाज थोडा बदला, अनोळखी वाटू द्या. मूल अडखळलं तर शब्द पुरवू नका, पुढचा प्रश्न विचारा, कारण खऱ्या फोनवरही तसंच होतं.

पलीकडचं माणूस काय विचारतं?

क्रम जागेनुसार बदलतो, पण प्रश्न साधारण हेच: तू कुठे आहेस, काय झालंय, कोणत्या नंबरवरून बोलतोयस, ते जागे आहेत का, श्वास घेतायत का, तुझ्याबरोबर आणखी कोण आहे. ते लहान मुलाशी बोलतायत हे त्यांना लगेच कळतं आणि ते सोपं करून विचारतात.

मुलाला दोन गोष्टी बजावून सांगा. एक, ते "ठेव" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. दुसरी, ते प्रश्न विचारतायत म्हणजे मदत थांबली आहे असं नाही. अनेक ठिकाणी एकीकडे बोलणं चालू असतानाच दुसरीकडे गाडी निघालेली असते. मुलांना (आणि मोठ्यांनाही) वाटतं की इतके प्रश्न म्हणजे आपल्यावर विश्वास बसत नाही. मग मूल रडायला लागतं किंवा फोन कापतं.

रडू आलं तरी चालेल, हेही सांगा. रडत रडत बोलायचं. उत्तर माहीत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणायचं, बनवून सांगायचं नाही. स्पीकर चालू करायला शिकवलंत तर मूल फोन खाली ठेवून आजीजवळ बसू शकतं. श्वास "बघायचा" म्हणजे पोट-छाती वरखाली होते का ते पाहायचं, हे झोपलेल्या बाबांवर शिकवता येतं.

पत्ता पाठ होत नाही. काय करावं?

चालीवर बसवा. घराचा क्रमांक, इमारत किंवा गल्ली, गाव, एवढंच. पिनकोडचा आग्रह नको. कुठलीही ओळखीची चाल चालते, अंघोळीच्या वेळी रोज एकदा म्हणा. जोडीला घराजवळची एक ठळक खूण द्या: समोरची शाळा, पाण्याची टाकी, काहीही जे बाहेरच्या माणसाला लगेच दिसेल. "निळ्या गाडीच्या बाजूला" ही मुलाच्या डोक्यातली खूण असते आणि ती गाडी सकाळीच निघून गेलेली असते.

वाचता येणाऱ्या मुलासाठी पत्ता आणि आई-बाबांचे नंबर मोठ्या अक्षरांत मुलाच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा. पाहुण्यांना आणि सांभाळणाऱ्या बाईंनाही त्याचा उपयोग होतो. मोबाइलवरून केलेल्या फोनचं ठिकाण अनेक देशांत यंत्रणेला आपोआप कळतं, पण मजला आणि खोली त्यातून कळेलच असं नाही. पत्ता येत नसला तरी फोन करायचाच, हेही मुलाला माहीत असू द्या. नाहीतर पत्ता आठवत नाही म्हणून ते फोनच करणार नाही.

घरात आजारी माणूस आहे. मुलाला किती सांगावं?

जितकं दिसतं तितकं. "बाबांच्या रक्तातली साखर कमी झाली की त्यांना घाम येतो, ते विचित्र बोलतात, कधी उठत नाहीत." रोगाचं नाव आणि दिसणारी खूण एवढं पुरे. फोनवर मुलाला ते नाव सांगता आलं, "बाबांना डायबिटीस आहे", तर मोठीच मदत होते.

साखर खूप उतरलेलं किंवा मेंदूचा झटका आलेलं माणूस स्वतःच म्हणू शकतं, "मला काही झालेलं नाही, फोन ठेव." मुलासाठी हा फार अवघड क्षण असतो, कारण मोठ्यांचं ऐकायचं असतं. म्हणून ज्या माणसाला हे होऊ शकतं, त्याने स्वतःच, बरं असताना, मुलाला सांगावं: "मी वेड्यासारखं बोलायला लागलो आणि फोन करू नको म्हणालो, तरी तू कर. मी आत्ताच तुला हो म्हणून ठेवतोय." दुसऱ्या कुणी सांगून हे इतकं पटत नाही.

फिट येणाऱ्या माणसाच्या घरी डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा. मोठ्यांसाठी नियम असा की झटका पाच मिनिटांहून लांबला किंवा माणूस शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर तातडीने फोन. लहान मुलाला मिनिटं मोजता येत नाहीत. त्याने एकटं असताना लगेच फोन करावा. आणि उठत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे प्रत्येक मुलाला सांगा.

आग लागली तर आधी फोन की आधी बाहेर?

आधी बाहेर. यात अपवाद नाही. फोन शोधायला, खेळणं घ्यायला, मांजराला आणायला परत आत जायचं नाही. बाहेर पडून शेजाऱ्यांच्या फोनवरून किंवा कुणालाही सांगून फोन करायचा. धूर असेल तर खाली वाकून, रांगत जायचं, कारण धूर वर साचतो. बाहेर भेटायची एक जागा आधी ठरवून ठेवा.

लहान मुलं आगीत पलंगाखाली, कपाटात लपतात. त्यात अग्निशमन जवान आत येतो तो मुखवटा आणि हवेची टाकी लावून, आणि त्याच्या श्वासाचा घरघर आवाज येतो. मुलाला तो राक्षस वाटतो आणि ते आणखी आत सरकतं. त्या पोशाखातल्या जवानाचं छायाचित्र दाखवा, शक्य असेल तर अग्निशमन केंद्र दाखवून आणा. "हा दिसला की लपायचं नाही, ओरडून 'मी इथे आहे' म्हणायचं."

पाणी, वीज, गॅस, औषधं यांचं काय?

या चारही ठिकाणी मुलाचा पहिला ओढा मदतीला धावण्याचा असतो, आणि तोच धोक्याचा आहे. बुडणाऱ्यामागे पाण्यात उतरायचं नाही. ओरडायचं, तरंगणारं काही फेकायचं, फोन करायचा. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करायचं नाही, घराबाहेर जाऊन तिथून फोन.

धाकट्या भावंडाने गोळ्या किंवा काही द्रव गिळला तर लगेच मोठ्यांना सांगायचं, ओरडा बसेल म्हणून लपवायचं नाही. डबी, बाटली फेकायची नाही. नाण्यासारखा छोटा गोल सेल गिळला असेल तर एक मिनिटही दवडू नका. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते.

"अनोळखी माणसाला दार उघडू नको" हे शिकवलंय. मग रुग्णवाहिका आल्यावर?

नियमाला एकच जोड द्या: फोनवरचं माणूस सांगेल तेव्हा उघडायचं. मूल अजून बोलतच असेल तर त्याला विचारता येतं, "दारात कुणीतरी आहे, उघडू का?" कडी मुलाच्या हाताला पोहोचते का, हे आज तपासा. कुत्रा असेल तर दुसऱ्या खोलीत बंद करायचा. रात्र असेल तर बाहेरचा दिवा लावायचा.

घरातल्याच माणसाकडून धोका असेल तर?

हा प्रश्न पालक क्वचितच विचारतात, आणि मुलांना तो सगळ्यात जास्त लागतो. घरात मारहाण होत असेल तर मुलाने मध्ये पडायचं नाही. दुसऱ्या खोलीत, शेजारी, सुरक्षित जागी जाऊन मग फोन. घरातल्या माणसाची "तक्रार" केली असं त्याला वाटू नये, म्हणून त्या घरातल्या ज्या मोठ्या माणसाला हे सांगणं शक्य आहे त्याने आधीच म्हणून ठेवावं: "कुणी कुणाला मारत असेल तर फोन करायचा. ते माणूस आपलं असलं तरी. यात तुझी काही चूक नसेल." "कुणाला सांगू नकोस" असं म्हणून कुणी अंगाला हात लावत असेल, तर ते गुपित ठेवायचं नसतं, हेही याच ओघात सांगावं.

बोलणं धोक्याचं असेल तर फोन चालू ठेवून गप्प राहणं हाही पर्याय आहे, कारण आजूबाजूचे आवाज पलीकडे ऐकू जातात. गप्प फोनसाठी काही देशांत ठरलेली पद्धत असते. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून ९९९ लावून बोलता येत नसेल तर सूचना ऐकून ५५ दाबतात.

मूल नीट बोलू शकत नाही, किंवा तिथली भाषा येत नाही.

बोलायला अडचण असलेल्या मुलाला फोन लावून चालू ठेवायला शिकवा आणि जोडीला दुसरी वाट द्या: शेजाऱ्यांची बेल, जोराची शिट्टी, ठरलेलं चित्रकार्ड. शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. परक्या भाषेच्या देशात मुलाला तिथल्या भाषेतली तीन वाक्यं पुरतात: मदत हवी आहे, माझा पत्ता असा आहे, मी मराठी बोलतो. दुभाषा जोडून देण्याची सोय अनेक देशांत असते, भाषेचं नाव मात्र सांगता यायला हवं.

या सगळ्याने मूल घाबरणार नाही का?

दिवसाउजेडी, खेळताना, थोडं थोडं सांगितलं तर सहसा नाही. रात्री झोपवताना हा विषय काढू नका; दिवा गेल्यावर ते एकटंच विचार करत पडतं. बातम्यांतल्या दुर्घटनेची दृश्यं दाखवून तर शिकवूच नका. "आई मरेल का?" असं विचारलं तर प्रश्न टाळू नका. "बहुतेक असं काही होणार नाही. पण झालं तर काय करायचं ते तुला येतं" हे उत्तर खरं आहे आणि मुलाला पेलतं.

खरंच प्रसंग घडून गेल्यावर मुलाशी काय बोलावं?

आधी, काय काय झालं ते त्याला सांगू द्या, मध्ये दुरुस्त्या न करता. मग त्याने केलेली एकेक गोष्ट नावानिशी सांगा: "तू हाक मारलीस, नंबर लावलास, दार उघडलंस." नुसतं "शाब्बास, शूर आहेस" म्हटलं तर त्याला कळत नाही की नेमकं काय बरोबर केलं.

माणूस वाचलं नाही तर हे बोलणं अधिकच गरजेचं असतं. मुलाच्या मनात हिशेब चालू होतो: मी उशीर केला, मी आधी खोलीत गेलो असतो तर, मी पत्ता चुकवला. ते बोलून दाखवेलच असं नाही. म्हणून विचारायची वाट न पाहता सांगा: "आजोबांचं हृदय खूप आजारी होतं. तू लवकर फोन केलास, देर केली असतीस तरीही ते तुझ्यामुळे गेले नसते. बोलावणं एवढंच तुझं काम होतं." ज्या मुलाने घाबरून फोन केलाच नाही, त्यालाही हेच ऐकायला मिळालं पाहिजे, आणि नातेवाइकांसमोर "याने फोन केला असता तर" असं वाक्य कुणाच्याही तोंडून येऊ देऊ नका. ते मूल तो शब्द आयुष्यभर बाळगेल.

पुढचे काही दिवस मूल बाहुलीला रुग्णवाहिकेत घालून तोच प्रसंग खेळेल. खेळू द्या, घडलेलं पचवण्याची ती त्याची रीत आहे. झोप उडणं, चिकटून राहणं, अंथरूण ओलं होणं हे काही आठवडे चालू राहिलं तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा समुपदेशकाशी बोला.

घराबाहेर, गर्दीत हरवलं तर हाच नंबर?

फोन हाताशी नसतोच, त्यामुळे वेगळं शिकवा: जिथे आहेस तिथेच थांब, मोठ्याने आमचं नाव घेऊन हाक मार ("आई" म्हटल्यावर दहा जणी वळतील), आणि मदत मागायची तर गणवेशातल्या माणसाकडे, दुकानाच्या काउंटरवर किंवा बरोबर लहान मुलं असलेल्या बाईंकडे. आई किंवा बाबा, एकाचा तरी मोबाइल नंबर पाठ असू द्या.

उजळणी किती दिवसांनी करावी?

मुलं विसरतात, त्यात त्यांचा दोष नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पाच मिनिटांचा खोटा फोन पुरतो. घर बदललं, फोन बदलला, सांभाळणारं माणूस बदललं किंवा धाकटं भावंड आलं, की त्याच आठवड्यात पुन्हा करा. नवा फोन आला की लॉकच्या पडद्यावरची जागा बदलते, आणि जुन्या जागेची सवय झालेलं बोट तिथेच शोधत राहतं. म्हणून फोन घरी आल्या दिवशी, तुमचे ॲप टाकून व्हायच्या आधी, तो मुलाच्या हातात देऊन जागा दाखवा. हिरवं बटण दाबायच्या आधी थांबायला मात्र सांगा.